तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी उत्तरेकडची छोटी उन्हाळी क्रूझ कशी निवडावी

आजी-आजोबा, त्यांची मुले, सुना, जावई आणि नातवंडे अशा पंधरा-वीस जणांनी तीन-चार रात्री एका जहाजावर एकत्र घालवाव्यात, ही कल्पना सुचायला सोपी आणि पार पाडायला अवघड आहे. क्रूझ शोधायला बसल्यावर बहुतेक जण आधी बंदरांची यादी पाहतात आणि जितकी बंदरे जास्त तितके पैसे वसूल, असा हिशोब करतात. एरवी हा हिशोब चालतोही, पण अनेक वर्षांनी भेटणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तो उलटा पडतो. जहाज सकाळी सातला धक्क्याला लागले की तरुण मंडळी डोंगराकडे, मधली पिढी शहरात आणि दमलेली माणसे जहाजावरच अशी पांगापांग होते, आणि रात्री जेवणाच्या टेबलावर निम्मे लोक पेंगत असतात. म्हणून पुढचा प्रत्येक पर्याय एकाच मापाने मोजावा असे मला वाटते: जागेपणीचे किती तास सगळे जण खरोखर एकत्र असतील, आणि सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला त्यासाठी किती त्रास पडेल.

आधी माणसांची यादी

वेळापत्रके उघडण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येकाचे नाव, निघण्याच्या दिवशीचे वय आणि चार गोष्टी लिहाव्यात: न थांबता किती चालता येते, किती पायऱ्या चढता येतात, रोजची औषधे किंवा उपकरणे कोणती, आणि बोट लागते का. ही माहिती सगळ्यांच्या सामायिक व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नये, कारण तिथे वडीलधारी माणसे ‘माझी काळजी करू नका, मला सगळे जमते’ एवढेच लिहितात. एकेकाला फोन करावा, आणि त्यांच्याबरोबर जो राहतो त्यालाही वेगळे विचारावे.

या यादीतूनच काही पर्याय आपोआप गळतात. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत, आणि सलग अनेक दिवस समुद्रातच काढावे लागतात अशा मार्गांवर ही मर्यादा बारा महिन्यांची असते. प्रवास संपण्यापूर्वी गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागत असेल, तर बहुतेक ठिकाणी प्रवेश नाकारला जातो. मुलांच्या क्लबात साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच घेतात. डायपरमधल्या मुलांना मुख्य तरणतलावात उतरू देत नाहीत, मग डायपर पोहण्याचा असला तरी. दोन वर्षांच्या नातवाला पोहायला मिळेल या आशेवर जहाज निवडायचे असेल, तर लहानग्यांसाठी वेगळी पाण्याची जागा आहे का, हे आधी विचारून घ्यावे. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर एकवीस वर्षांखालील तरुणांना सहसा स्वतंत्र बुकिंग करता येत नाही, ही अटही कॉलेजातल्या भावंडांची खोली ठरवताना आडवी येते.

तारीख ठरवताना

उत्तरेकडचा, म्हणजे बाल्टिक, नॉर्वे, कॅनडा आणि अलास्का या भागांतला, क्रूझचा हंगाम ढोबळमानाने मे ते सप्टेंबर असतो. जुलै आणि ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचे, कारण त्या भागातल्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते. नॉर्वेचे धबधबे बर्फ वितळण्याच्या दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, भरून वाहतात आणि ऑगस्टपर्यंत त्यांतले बरेच रोडावतात. आग्नेय अलास्कात मे आणि जून हे त्यातल्या त्यात कोरडे महिने आहेत, आणि सप्टेंबर उजाडला की पावसाचा जोर वाढतो. जूनच्या उत्तरार्धात अलास्कातल्या जुनो किंवा नॉर्वेतल्या बर्गनमध्ये दिवस अठरा-एकोणीस तासांचा असतो. हे वाचायला छान वाटते, पण रात्री साडेदहाला लख्ख उजेडात चार वर्षांच्या मुलाला झोपवायचे कसे, हा प्रश्न तेव्हा पडतो. त्याचे उत्तर खोल्यांच्या निवडीत आहे, त्याकडे पुढे येऊ.

मार्ग: छोटा म्हणजे नेमका किती

तीन ते पाच रात्री एवढीच सवड असेल, तर उत्तरेकडचे सगळे प्रसिद्ध मार्ग तुमच्यासाठी खुले नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे.

सर्वांत छोटा आणि माझ्या मते सर्वांत कमी कौतुक झालेला पर्याय बाल्टिक समुद्रात आहे. स्टॉकहोम आणि हेलसिंकीदरम्यान सिल्या लाइन आणि वायकिंग लाइन यांची मोठी प्रवासी जहाजे वर्षभर चालतात. ती दुपारनंतर निघतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पोहोचतात, आणि संध्याकाळी त्याच जहाजाने परतता येते. दोन रात्री आणि मधला एक दिवस शहरात, असा हा आटोपशीर बेत असतो. स्टॉकहोमच्या बाहेर हजारो लहान-मोठ्या बेटांचा द्वीपसमूह आहे आणि जहाज त्यातून काही तास अगदी संथ पाण्यावरून जाते; लाल रंगाची लाकडी घरे, छोटे धक्के आणि खडकांवर बसलेली माणसे डेकवरून स्पष्ट दिसतात. उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी सगळे कुटुंब डेकवर खुर्च्या ओढून बसू शकते आणि कोणालाही कुठे चालत जावे लागत नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे जहाज ऑलंड बेटांवरच्या मारियेहाम्नला थोडा वेळ थांबते. त्यामागे पर्यटन नसून कर आहे: ऑलंड युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराच्या कक्षेबाहेर असल्यामुळे या थांब्याच्या जोरावर जहाजावर करमुक्त विक्री करता येते. मात्र ही जहाजे म्हणजे पूर्ण अर्थाने क्रूझ नव्हे. जेवण बहुतेक वेळा वेगळे विकत घ्यावे लागते, खोल्या लहान असतात आणि शुक्रवारी रात्री बार गजबजलेले असतात. ज्या कुटुंबाला आपल्याला समुद्र मानवतो की नाही हेच माहीत नाही, त्याने पहिला प्रयोग इथे करावा.

बाल्टिकमधल्या मोठ्या क्रूझ सहसा कोपनहेगन, कील, वार्नेम्युंड किंवा स्टॉकहोमहून निघतात आणि टालिन, रीगा, हेलसिंकी, विस्बी अशी बंदरे घेतात. सेंट पीटर्सबर्ग हे एके काळी या मार्गाचे मुख्य आकर्षण होते, परंतु २०२२ पासून पाश्चात्त्य कंपन्यांच्या वेळापत्रकांतून ते गेले आहे. जुन्या लेखांवरून बेत आखणाऱ्यांनी ते मनातून काढून टाकावे. हा समुद्र बराचसा बंदिस्त आहे, भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि उन्हाळ्यात तो बहुधा शांत असतो. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

नॉर्वेच्या फ्योर्डांची, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांची, छायाचित्रे पाहून मोह होतो, पण ती आतल्या भागांतली असतात. गायरांगरफ्योर्ड आणि नॅरोयफ्योर्ड हे २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि साउथॅम्प्टनहून निघालेले जहाज तिथपर्यंत जाऊन परत यायचे म्हणजे साधारण सात रात्री लागतात. चार-पाच रात्रींच्या क्रूझमध्ये फार तर स्टाव्हांगर, बर्गन अशी दक्षिणेकडची बंदरे होतात, आणि जाता-येता उत्तर समुद्र ओलांडावा लागतो, जो उन्हाळ्यातही कधी कधी चांगलाच हेलकावे देतो. छोट्या सवडीत खरा नॉर्वे हवा असेल, तर विमानाने बर्गन गाठून किनारी टपालमार्गाचा एक तुकडा करणे अधिक शहाणपणाचे आहे. १८९३ पासून चालू असलेल्या या मार्गावर हर्टिग्रुटेन या कंपनीची आणि २०२१ पासून हाव्हिला या कंपनीचीही जहाजे धावतात. बर्गनहून रात्री निघाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ध्रुववृत्त ओलांडून दुपारी बोडोला उतरता येते, म्हणजे बरोबर तीन रात्री. मात्र या जहाजांवर तरणतलावाच्या घसरगुंड्या आणि रात्रीचे कार्यक्रम नसतात. आठ-दहा वर्षांची मुले खिडकीतून डोंगर पाहून किती वेळ रमतील, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. माझ्या मते मुले बारा वर्षांच्या पुढची आणि आजी-आजोबा निसर्गाचे शौकीन असतील, तर याहून चांगला पर्याय नाही.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून, म्हणजे बोस्टन किंवा न्यूयॉर्कहून, उन्हाळ्यात चार-पाच रात्रींच्या कॅनडाच्या फेऱ्या असतात. हॅलिफॅक्स आणि न्यू ब्रन्सविकमधले सेंट जॉन ही त्यांची नेहमीची बंदरे. सेंट जॉन फंडीच्या उपसागरावर आहे आणि या उपसागराच्या टोकाशी भरती-ओहोटीतला फरक सोळा मीटरपर्यंत जातो, जगात सर्वांत जास्त. मुलांना हे दाखवण्यासारखे आहेच, पण त्याचा एक व्यावहारिक परिणाम असा की खुद्द सेंट जॉनच्या धक्क्यावरही पाणी कित्येक मीटर चढते-उतरते आणि जहाजातून उतरण्याच्या पुलाचा चढ दिवसभरात बदलत राहतो. सकाळी सपाट वाटलेला पूल परतताना व्हीलचेअर ढकलणाऱ्याला घाम फोडू शकतो. या किनाऱ्यावर जून-जुलैत धुकेही पडते.

अलास्का मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण सगळ्यांना तेच हवे असते आणि ते आठवड्यापेक्षा कमी दिवसांत क्वचितच होते. तरीही कुटुंब सात रात्रींपर्यंत ताणू शकत असेल, तर निघण्याचे बंदर विचारपूर्वक निवडावे. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजे व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून वर जातात. सिॲटलहून निघणारी बरीच जहाजे त्या बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. विमानाची तिकिटे सिॲटलची स्वस्त मिळतात म्हणून ते निवडायचे आणि दोन रात्री आजीला बोट लागायची, हा सौदा महागात पडतो. सिॲटलच्या वेळापत्रकात शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातले व्हिक्टोरिया बंदर दिसते. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या परदेशी ध्वजाच्या जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते, त्यासाठीचा तो थांबा असतो. तिथे मोठी सहल आखू नये.

अलास्काच्या वेळापत्रकात ग्लेशियर बे असेल, तर मात्र ते कुटुंबासाठी सर्वांत चांगले लक्षण आहे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात, आणि दिवसभर कोणीच उतरत नाही. व्हीलचेअरमधले आजोबा आणि सहा वर्षांची नात एकाच कठड्याशी येऊन तेच हिमनदीचे तुटणारे कडे पाहतात. बंदर नसलेला दिवस फुकट गेला असे मानणाऱ्यांनी हा दिवस एकदा अनुभवावा.

वेळापत्रक बारकाईने कसे वाचावे

मार्ग ठरला की प्रत्येक बंदरासाठी तीन प्रश्न विचारावेत. जहाज धक्क्याला लागते की खोल पाण्यात नांगर टाकते? प्रत्यक्ष किती तास मिळतात? आणि बंदर शहरापासून किती दूर आहे?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नांगर टाकला की किनाऱ्यावर जायला छोट्या टेंडर बोटी लागतात, आणि वेळापत्रकात ही गोष्ट नांगराच्या इवल्याशा चिन्हाने किंवा तळटीपेत दाखवलेली असते. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. जहाजाच्या पोटातला दरवाजा उघडून एक छोटा मंच बाहेर काढलेला असतो, त्याला लागून टेंडर वर-खाली होत असते, दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि बोट वर आली की ‘आता’ म्हणतात. त्या क्षणी पाऊल टाकायचे. आमच्या एका प्रवासात सत्तरी ओलांडलेल्या मावशी त्या मंचावर तीन लाटा येऊन गेल्या तरी पाऊल उचलू शकल्या नाहीत, आणि शेवटी हसत परत फिरल्या. दिवसभर त्यांच्या सोबतीला कोण थांबणार यावर त्यानंतर जी कुजबुज झाली, ती समुद्रापेक्षा जास्त खवळलेली होती. वजनदार विजेच्या व्हीलचेअर टेंडरवर सहसा नेऊ देत नाहीत, आणि वारा वाढला तर तो थांबा सरळ रद्द होतो. गायरांगर आणि मेन राज्यातील बार हार्बर येथे टेंडरची तयारी ठेवावी लागते. बार हार्बरने तर २०२२ च्या मतदानात दिवसाला एक हजार क्रूझ प्रवासीच उतरतील अशी मर्यादा घातली आहे. कुटुंबात एका जरी व्यक्तीला असा पाय टाकणे जमणार नसेल, तर असे एखादे बंदर ठीक, दोन असतील तर दुसरी क्रूझ शोधावी.

अंतराची गंमत वेगळीच आहे. जाहिरातीत ‘बर्लिन’ असे लिहिलेले बंदर म्हणजे वार्नेम्युंड, आणि तिथून बर्लिनला जायला एका बाजूने अडीच-तीन तास लागतात. ‘स्टॉकहोम’ असे लिहिलेले जहाज आकाराने मोठे असेल, तर ते नेनेसहाम्नला लागण्याची शक्यता असते, जे शहरापासून सुमारे तासाभरावर आहे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना असे दिवस बसमध्येच संपतात.

याउलट काही बंदरांत बसल्या जागी मोठे दृश्य मिळते, आणि अशी बंदरे शोधून काढावीत. नॉर्वेतल्या फ्लॉमला जहाज लागते तिथून जवळच रेल्वे स्थानक आहे. वीस किलोमीटरची ती गाडी तासाभरात मिरडालपर्यंत ८६६ मीटर उंची चढते. अलास्कातल्या स्कॅगवेहून व्हाइट पास रेल्वेचेही तसेच.

जहाज आणि खोल्या

फार मोठ्या जहाजावर मुले रमतात, पण खोलीपासून भोजनगृहापर्यंतचे अंतरच आजी-आजोबांना थकवते. फार लहान जहाजावर याच्या उलट. त्या दोन्हींच्या मधले, दोन ते तीन हजार प्रवाशांचे जहाज मिश्र वयाच्या कुटुंबाला बरे पडते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना बोट लागते त्यांना खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी खोली घ्यावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. खिडकी नसलेली आतली खोली एरवी कमी दर्जाची मानतात, पण उत्तरेच्या उन्हाळ्यात लहान मुलांसाठी ती सर्वोत्तम आहे, कारण दार लावले की मिट्ट काळोख होतो. सगळ्यांनी बाल्कनीच्या खोल्या घेण्यापेक्षा एकाच घराने मोठी बाल्कनी घ्यावी आणि ती सर्वांची बैठक समजावी, म्हणजे पैसेही वाचतात आणि माणसेही एका जागी जमतात.

‘शेजारच्या’ खोल्या आणि ‘आतून जोडलेल्या’ खोल्या यांत फरक आहे. आम्ही एकदा शेजारच्या घेतल्या आणि मधे दार असेल असे गृहीत धरले. परिणामी दोन मुलांच्या वडिलांनी चार रात्री मार्गिकेतून ये-जा केली. डेकच्या नकाशावर जोडदार खोल्यांचे चिन्ह पाहून त्या क्रमांकांचाच आग्रह धरावा. त्याच नकाशावर वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे तेही पाहावे, कारण तरणतलावाच्या डेकखालच्या खोलीत पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. व्हीलचेअरसाठीच्या रुंद दाराच्या खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, आणि तिघा-चौघांच्या खोल्याही लवकर संपतात. म्हणून बुकिंगची सुरुवात या दोन प्रकारांपासून करावी, बाकीच्यांचे नंतर जमते.

बुकिंग, पैसे आणि कागदपत्रे

साधारण आठ खोल्या एकत्र घेतल्या तर बऱ्याच कंपन्या गटाचा दर देतात आणि काही वेळा एका जागेची सूटही देतात. हे मागितल्याशिवाय मिळत नाही. बुकिंगची चौकशी एकाच व्यक्तीने करावी, पैसे मात्र प्रत्येक घराने आपापले भरावेत, आणि सर्व बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्यावेत, म्हणजे जेवणाची टेबले जवळ येतात. जाहिरातीतल्या भाड्यात प्रतिव्यक्ती प्रतिदिन बक्षिशी, इंटरनेट आणि पेये बहुधा नसतात, आणि पेयांचे पॅकेज एकाने घेतले तर त्याच खोलीतल्या सर्व प्रौढांनी घ्यावे अशी अट अनेक ठिकाणी असते. पूर्ण पैसे भरण्याची अंतिम तारीख अनेकदा निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी येते. डळमळीत असलेल्या नातेवाइकांना हीच तारीख अंतिम म्हणून सांगावी.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध असावा. व्हिसाबाबत मार्ग आणि प्रत्येकाचे नागरिकत्व दोन्ही पाहावे लागते: नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि सिॲटलहून निघालेले जहाज व्हिक्टोरियाला थांबले की कॅनडाचे नियम लागू होतात. शेंगेनमधून बाहेर जाऊन परत आत येणारा मार्ग असेल, तर एका प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. नातवंडे आई-वडिलांशिवाय आजी-आजोबांबरोबर येणार असतील, तर दोन्ही पालकांचे सहीचे संमतिपत्र बरोबर ठेवावे. विम्यात जुन्या आजारांचा आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याच्या खर्चाचा स्पष्ट उल्लेख हवा. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल तिथल्या तिथे भरावे लागते आणि ते लहान नसते.

निघण्याच्या बंदरात आदल्या दिवशी पोहोचावे, कारण उशिरा आलेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही. हेच बंदरांतल्या सहलींनाही लागू आहे: जहाजामार्फत घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज वाट पाहते, स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी नाही.

पहिला दिवस

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला काही तास लागतात, म्हणून औषधे, मुलांचे कपडे आणि एक उबदार जाकीट हातातल्या पिशवीत ठेवावे. निघण्यापूर्वीचा सुरक्षा सराव सर्वांना सक्तीचा असतो. आजोबांचे जमण्याचे ठिकाण नातवाच्या ठिकाणापेक्षा वेगळे आहे का, हे तेव्हाच पाहावे. किनारा मागे पडला की इंटरनेटचे पॅकेज नसलेल्यांचे फोन एकमेकांना लागत नाहीत, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी एक डेक, एक कोपरा आणि एक वेळ ठरवून प्रत्येकाला कागदावर लिहून द्यावी. आमचा कागद नातवंडांनी रंगवला होता, आणि तो आजींच्या खोलीच्या दारावर शेवटपर्यंत चिकटलेला राहिला: ‘सातवा डेक, मागची बाजू, संध्याकाळी सहा.’